थाई कापडाचा पत्ता

पैठणी घ्यायला गेलेली जाणकार बाई दुकानात आधी पदर उलटा करते. पुढचा मोर मागेही तसाच उमटलेला दिसला, तरच किमतीचं बोलणं सुरू. थायलंडच्या विणकामाबद्दल वाचताना ही सवय मला फार उपयोगी पडली.

तिथल्या नक्ष्यांचे अर्थ सांगणाऱ्या पत्रकांना तोटा नाही. नाग म्हणजे पाऊस, हंस म्हणजे मांगल्य, वगैरे. खोटं नाही ते. पण एकाच आकाराला दोन खोऱ्यांत दोन नावं मिळतात आणि नावाबरोबर अर्थही बदलतो. कापड कुठलं हे खात्रीने सांगतो तो धागा, म्हणजे तो ताण्यात, उभ्या धाग्यांत, कसा शिरला आणि कुठून परत फिरला ते.

उत्तरेकडच्या नान प्रांताचंच बघा. आजच्या चीनच्या युन्नानमधल्या सिपसोंग पन्ना भागातून आलेले ताई लू लोक इथे ‘नाम लाय’ विणतात. नाम लाय म्हणजे वाहतं पाणी. पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या-उतरणाऱ्या रंगीत लाटा असतात त्या. या विणीत बाण्याचा, म्हणजे आडवा, रंगीत धागा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंग आपल्या हद्दीत ये-जा करतो आणि शेजारचा रंग भेटला की मागे वळतो. आता ही हद्द सतत ताण्याच्या एकाच धाग्यावर ठेवली तर तिथे उभी फट पडणार. म्हणून दोन रंगांचे धागे वळताना एकमेकांत अडकवतात. शिवाय दर खेपेला हद्द थोडी सरकवली की तिरकी पायरी आपोआप तयार होते. नदीकाठच्या माणसांना त्यात पाणी दिसलं यात नवल नाही, पण पायऱ्या मात्र मागाच्या. पैठणीच्या पदरावरचा मोर याच अडकवण्याच्या तंत्राने विणला जातो. येवल्याच्या विणकराला नानचं कापड दिलं तर भाषा न कळताही तो ते वाचू शकेल.

नानच्या पश्चिमेला, चियांग माई प्रांतातल्या मॅ चॅमला गेलं की सगळं बदलतं. तिथल्या बायका नेसतात त्या नळीसारख्या शिवलेल्या वस्त्राला ‘सिन’ म्हणतात. त्याचे डोकं, अंग आणि पाय असे तीन भाग असतात. पायाला थाईत ‘तीन’ म्हणतात (आपल्या आकड्याशी काही संबंध नाही), आणि ‘चोक’ म्हणजे उकरून वर काढणं. म्हणून या नक्षीदार पायपट्टीचं नाव तीन चोक. विणणारी बाई कापडाची सुलट बाजू खाली ठेवते. हातात साळिंदराचा काटा. त्याच्या टोकाने ती ताण्याचे मोजके धागे उचलते, खालून रंगीत धाग्याचा तुकडा ओवते, पुढचे धागे उचलते, दुसरा रंग. मग एक साधा बाणा टाकून सगळं ठोकून बसवते. गाठी आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारणारे धागे तिच्या डोळ्यांसमोर राहतात, त्यामुळे गुंता लगेच सापडतो. खरी नक्षी मात्र तिला दिसत नाही, ती खाली तयार होत असते. तिथे शंकरपाळीच्या आकाराचे कंदील असतात, त्यांच्या पोटात एका घड्यातून पाणी पिणारी हंसांची जोडी. हंसाला तिथे ‘होंग’ म्हणतात. शब्दही आपल्याकडचाच, लांबचा प्रवास करून गेलेला. सिनचं अंग झिजलं की ही पट्टी उसवून नव्या सिनला लावता येते.

ईशान्य थायलंडला ‘ईसान’ म्हणतात. हा शब्द ‘ईशान’वरूनच आला आहे, दिशेसकट. इथे नक्षी मागावर चढण्याआधीच तयार असते. ‘मत मी’ म्हणजे बांधलेले धागे. बाण्याचे धागे कापडाच्या रुंदीच्या चौकटीवर ताणायचे, ठरलेल्या जागी घट्ट बांधायचे, रंगात बुडवायचे. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. पोचमपल्लीची साडी पाहिलेल्यांना ही गोष्ट नवी नाही. पाटणच्या पटोल्यात ताणा आणि बाणा दोन्ही असे बांधून रंगवतात, मत मीमध्ये फक्त बाणा. धागा विणताना केसभर इकडे-तिकडे सरकतोच, आणि तो आडवा असल्यामुळे नक्षीची कडही आडवीच फिसकटते. वळणावळणाच्या नागाला ही फिसकटलेली कड शोभून दिसते, पाण्यात हलल्यासारखी. मेकाँगच्या काठावर नाग पाण्याचा धनी मानला जातो, तेव्हा अर्थ आणि तंत्र इथे छान जुळलं आहे.

ईसानमधल्याच साकोन नाखोन प्रांतात हेच धागे निळीत बुडवतात. नीळ पाण्यात विरघळत नाही, हीच मोठी अडचण. म्हणून घड्यात चुना किंवा राखेचं पाणी, चिंच आणि काहीतरी गोड घालून जिवाणूंना पोसतात. ते निळीचं रूप बदलतात, ती पिवळसर-हिरवी होऊन विरघळते. घड्यातून धागा हिरवट निघतो आणि हवा लागली की बघता बघता निळा होतो. जिवाणू थंडावले की रंग चढत नाही. मग घडा ‘पळाला’ म्हणतात.

नक्षी लक्षात कशी ठेवायची? कालासिन प्रांतातल्या बान फोनच्या फू थाई बायकांकडे ‘फा सॅव’ नावाचा कापडाचा तुकडा असतो. त्यावर घराण्यातल्या नक्ष्यांचे नमुने खाली-वर विणलेले असतात, आणि तो आईकडून लेकीकडे जातो. वही म्हणा ना. त्यावरून विणली जाते ती ‘फ्रॅ-वा’. वा हे माप साधारण दोन मीटरचं, म्हणून वा-भर लांबीचा खांद्यावरचा शेला. राणी सिरिकित यांनी 1977 मध्ये तो पाहिला आणि रुंद विणायला सांगितलं. त्यानंतर त्याचे पूर्ण पोशाख होऊ लागले. सुरिनच्या था सावांग गावात ही स्मृती मागालाच टांगलेली असते. धागे उचलणाऱ्या 1,416 दोऱ्या, एका मागावर चार-पाच माणसं, आणि दिवसाला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर जरीकाम.

अर्थ आणि तंत्र वेगळे कसे पडतात, याचा प्रयोग अलीकडे नकळत झाला. डिसेंबर 2020 मध्ये राजकन्या सिरिवण्णवरी यांनी इंग्रजी एस अक्षरासारख्या हुकांची एक नक्षी देशभरच्या विणकरांना दिली. नक्षी एकच, अर्थही वरून आलेला. चोकवाल्यांनी तिचा ठिपका न् ठिपका रेखीव उचलला. दक्षिणेत ती मेण लावून बाटिकमध्ये उतरली. आणि ईसानच्या मत मीत त्या हुकाची कड, अपेक्षेप्रमाणे, आडवी फिसकटली.