आधी पाय उचलला जातो, मग कळ येते

अनवाणी पाय काट्यावर पडला, की तो झटकन वर येतो आणि कळ त्यानंतर जाणवते. पाय उचलण्याचा निर्णय मेंदूत होतच नाही. तळव्याकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मागच्या मुळातून शिरतो. तिथल्या चेतापेशी पाय दुमडणाऱ्या स्नायूंना आज्ञा देतात आणि त्याच वेळी पाय ताठ करणाऱ्या स्नायूंना ढिले सोडतात. दुसऱ्या पायाला मात्र ताठ होण्याची आज्ञा जाते, कारण आता सगळा भार त्याच्यावर येणार असतो. मेंदूला याची खबर मिळते, पण काम उरकल्यावर.

असे का? मज्जातंतूंमधून संदेश पोचायला वेळ लागतो, आणि हालचाल सांभाळणाऱ्या बहुतेक व्यवस्था हा उशीर भरून काढण्यासाठीच घडल्यासारख्या आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला, तो सेकंदाला 27 मीटरच्या आसपास निघाला. माणसात तंतूगणिक वेग बदलतो. स्नायूंना आज्ञा देणारे आणि स्नायू किती ताणला गेला ते कळवणारे जाड तंतू सेकंदाला 60 ते 120 मीटर वेगाने संदेश नेतात. स्पर्शाचे तंतू 35 ते 75, तीक्ष्ण वेदनेचे 5 ते 30 मीटर. ठणक्याचे बारीक तंतू मात्र जेमतेम एक-दोन मीटर, कधी त्याहूनही कमी. मोठ्या माणसाच्या तळव्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर मीटरभर धरले, तर पायाचे बोट ठेचकाळल्यावर आधी सणक आणि सुमारे सेकंदभराने ठणका का येतो, याचा हिशेब लागतो.

वेगातला हा फरक तंतूची जाडी आणि त्यावरचे मायलिनचे स्निग्ध वेष्टन यांमुळे पडतो. वेष्टनात साधारण दर मिलिमीटरला बारीक फट असते आणि विद्युत संदेश फक्त त्या फटींशी नव्याने उभा राहतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात हेच वेष्टन जागोजागी झिजते. मग संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच विरतो.

जाड आणि बारीक तंतू एकाच वेळी बधिर होत नाहीत, हे रुग्णांना कुणी फारसे समजावून सांगत नाही. दाढ काढण्यापूर्वी दिलेले लिडोकेन हे बधिर करणारे औषध तंतूंतल्या सोडियमच्या वाटा बंद करते, आणि त्यांच्याशिवाय विद्युत संदेश उभा राहत नाही. त्यात वेदनेचे बारीक तंतू आधी गप्प होतात, दाबाचे जाड तंतू तग धरतात. म्हणून दुखत नाही, तरी ओढ आणि दाब कळतो. इंजेक्शन लागू पडले नाही असा त्याचा अर्थ नव्हे. एका पायावर रेलून बराच वेळ बसल्यावर उलटे घडते. दाबामुळे मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जाड तंतू आधी बंद पडतात. चिमटा अजून दुखतो, पण पाऊल कुठे आहे ते कळत नाही. अशा वेळी लगेच उठू नये. मुंग्या येऊन ओसरेपर्यंत थांबावे, नाहीतर घोटा मुरगळतो.

पाऊल कुठे आहे हे न बघता कळणे, ही संवेदना आपण गृहीतच धरतो. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे, काही मिलिमीटर लांबीचे संवेदक असतात. स्नायू ताणला की ते संदेश सोडतात. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो आणि संदेश मज्जारज्जूत थेट आज्ञा देणाऱ्या चेतापेशीला भिडतो, मध्ये दुसरी पेशी नाही. 20 ते 30 मिलिसेकंदांत स्नायू आकसू लागतो. झटका येत नसेल, तर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात. त्याने तो बहुधा उमटतो.

ही माहिती तुटली, तर स्नायूंत भरपूर ताकद असूनही चालणे बिघडते. दीर्घकाळच्या मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी खराब होतात, म्हणून बधिरपणाची सुरुवात पायांपासून होते. बी-12 च्या कमतरतेतही पावलांची जाण जाते. माणूस डोळ्यांच्या आधाराने निभावून नेतो, पण अंधारात किंवा बेसिनवर वाकून, डोळे मिटून तोंड धुताना त्याचा तोल जातो. ‘तोंड धुताना झोक जातो’ ही तक्रार क्षुल्लक समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना नेमके हेच सांगा.

उशिरावरचा सर्वांत देखणा उपाय म्हणजे अंदाज. घरी करून पाहा. एका तळहातावर जड पुस्तक ठेवा, डोळे मिटा आणि दुसऱ्याला ते अचानक उचलायला सांगा. हात टुणकन वर उडेल. आता तेच पुस्तक स्वतःच्या दुसऱ्या हाताने उचला. तळहात जवळपास हलतच नाही, कारण उचलण्याची आज्ञा निघतानाच पुस्तक पेलणाऱ्या हाताचा जोर नेमका तेवढा कमी केला जातो. वजन उतरल्याची संवेदना येण्याची वाट कुणी पाहत नाही.

असे अंदाज बांधण्यात आणि चुकले तर सुधारण्यात डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी जवळपास 69 अब्ज या एवढ्याशा भागात आहेत. त्याला इजा झाली की हालचाल मागून येणाऱ्या संवेदनेच्या भरवशावर चालते. नाकाकडे नेलेले बोट पुढे जाते, उशिरा थांबते, मागे घेताना पुन्हा जास्त मागे येते आणि नाक जवळ येईल तशी थरथर वाढते.

पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारातली थरथर वेगळी. ती सहसा हात मांडीवर निवांत असताना दिसते आणि वस्तू घ्यायला हात पुढे केला की कमी होते. तिथे दोष डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशींचा आहे, उपचारही निराळे. त्यामुळे नुसते ‘हात थरथरतात’ एवढ्यावर निदान होत नाही. दोन दिवस लक्ष ठेवा: हात स्वस्थ असताना थरथरतो, की पेला ओठांशी नेताना? दोन्ही वेळचा मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ तपासणीला सोबत न्यावा.