गाठीची पट्टी आणि विषाणूचं कवच

सोलापुरात गिरणीच्या ब्लो-रूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, कापसाच्या गाठीची पट्टी तोडली की काय होतं? दाबून बसवलेला कापूस भसकन फुगून वर येतो. त्याला वेगळा जोर लावावा लागत नाही, प्रेसने घातलेला जोरच परत मिळतो. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचं, म्हणजे फेजचं, बरंचसं असंच आहे: कवचात दाबून भरलेला डीएनए असाच उसळून बाहेर पडतो. पण हे मोजून सिद्ध व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

फेज सापडले १९१५ ते १९१७च्या दरम्यान, ट्वॉर्ट आणि द'हेरेल यांना. जिवाणूच्या आत नेमकं काय शिरतं, हे मात्र १९५२ साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी दाखवलं. फेजच्या कवचातल्या प्रथिनांवर किरणोत्सारी गंधकाची खूण, आतल्या डीएनएवर फॉस्फरसची. मग साध्या मिक्सरमध्ये घुसळून जिवाणूंना चिकटलेली कवचं झटकून टाकली. गंधक बहुतांशी बाहेर राहिलं, फॉस्फरस आत गेला. हर्शींना १९६९चं नोबेल मिळालं, चेसबाईंना नाही. हे आजही खटकतं.

आता खरा पेच. फाय-२९ या फेजचं कवच जेमतेम ५४ नॅनोमीटर लांब, आणि त्यात बसणारा डीएनए ६.६ मायक्रोमीटरचा. कवच हातभर लांबीचं धरलं, तर आत अंगठ्याएवढा जाड, सुमारे १२० हात लांब दोर कोंबायचा! तोही सुतासारखा लवचीक नाही. डीएनए सहजी वाकत नाही, शिवाय त्यावरचा ऋण विद्युतभार त्याच्याच वेढ्यांना एकमेकांपासून ढकलतो. म्हणून कवचाच्या तोंडाशी प्रथिनांची एक मोटार बसलेली असते. ती एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, जाळत डीएनए आत ओढते.

२००१मध्ये कार्लोस बुस्तामांते यांच्या गटाने लेसरच्या चिमट्याने डीएनएचं टोक धरून या मोटारीशी रस्सीखेच खेळली. मोटारीचा जोर भरला ५७ पिकोन्यूटन. पेशीत माल वाहणाऱ्या कायनेसिनच्या कितीतरी पट. कवच भरत आलं तशी तिची गती मंदावली. आतला दाब सुमारे ६० वातावरणं, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या ६० पट निघाला. मोटारगाडीच्या चाकात दोन-सव्वादोन असतो.

२००३मध्ये उलट बाजू तपासली गेली. लॅम्डा या दुसऱ्या फेजभोवती बाहेरून दाब वाढवत नेला, तसा कमी कमी डीएनए बाहेर पडला. सुमारे २० वातावरणांना तो थांबलाच. म्हणजे सोडणारा जोर भरतानाचाच. पण गाठीची उपमा इथे थोडी लंगडी पडते. जिवाणूच्या आतही दाब असतो, त्यामुळे शेवटचा भाग आपोआप जात नाही. टी-७सारख्या फेजचा डीएनए तर बराचसा जिवाणूतलीच यंत्रणा आत ओढून घेते.

नागिणीच्या विषाणूच्या कुळातही अशीच भरणारी मोटार आहे. त्याच कुळातल्या सायटोमेगॅलोव्हायरसवर २०१७मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लेटरमोव्हिर हे औषध डीएनए कापून कवचात भरणारं यंत्रच अडवतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांना ते देतात.