पाऊस १० टक्के घटला, तर नदी किती आटेल?

‘तापमान वाढलं की पाऊसही वाढणार, मग पाण्याची कसली काळजी?’ हा युक्तिवाद हल्ली बऱ्याचदा कानावर पडतो. त्यातला पहिला भाग अगदीच खोटा नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. जगाचा सरासरी पाऊस मात्र अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो, आणि काही प्रदेशांत तर तो घटणार आहे. पण खरी गोम पुढेच आहे. उद्याचा पाऊस नेमका कळला, तरी उद्याची नदी त्रैराशिक मांडून काढता येत नाही.

कारण नदी म्हणजे शिल्लक. पावसाच्या पाण्यावर पहिला हक्क ऊन आणि झाडं सांगतात. बाष्पीभवन आणि बाष्पोच्छ्वास (झाडांच्या पानांतून हवेत जाणारं पाणी) यांतून उरेल ते नदीला. पगार कापला गेला तरी घरखर्च फारसा हलत नाही, फटका बसतो तो बचतीला. समजा, एका पाणलोट क्षेत्रात वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला ७५० हवेत परत जातो आणि २५० नदीला मिळतो. पाऊस ९०० वर आला, तर हवेत जाणारं पाणी साधारण ७१० होईल. नदीला उरले १९०. म्हणजे पाऊस घटला १० टक्के, नदी घटली २४ टक्के! म्हणजे पावसाच्या घटीच्या २.४ पट. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक पाणलोटांत हा गुणक २ ते ३.५ आढळला आहे.

हा ७१० चा आकडा येतो कुठून? मिखाईल बुडिको या सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञाची मांडणी मला इथे फार आवडते. बाष्पीभवनाला दोनच मर्यादा असतात: उपलब्ध पाणी आणि उपलब्ध ऊर्जा. जिथे पाऊस भरपूर, तिथे ऊर्जा कमी पडते. वाढीव पाऊस जवळजवळ सगळा नदीत जातो. कोरड्या प्रदेशात पाणी कमी पडतं. जवळजवळ सगळा पाऊस हवेत जातो. बाष्पीभवनाची कमाल क्षमता भागिले पाऊस, असं गुणोत्तर आडव्या अक्षावर आणि पावसातला हवेत जाणारा वाटा उभ्या अक्षावर घेतला, तर जगभरातले पाणलोट या दोन मर्यादांच्या खालून जाणाऱ्या एका वक्राच्या आसपास येतात. आपला ७१० चा आकडा याच वक्रावरचा. तापमानवाढ प्रत्येक पाणलोटाला या वक्रावर उजवीकडे, म्हणजे कोरड्या बाजूला ढकलते, पाऊस तितकाच राहिला तरीही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात हे मोजलं गेलं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे दर अंशामागे प्रवाह सुमारे ९ टक्के घटतो. मुख्य कारण बर्फ. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो लवकर वितळला की उघडी जमीन ते ऊन शोषते आणि बाष्पीभवन वाढतं. उलट दिशेलाही एक दोर आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) कमी उघडतात आणि झाडं पाणी वाचवतात. पण त्याच वायूमुळे पानंही वाढतात. यातलं कोण किती जिंकतं, यावर संगणकी मॉडेलांचं एकमत नाही.

शिल्लक काढताना चुकाही शिल्लकेतच साचतात. हवामान मॉडेलाने पाऊस १० टक्के चुकवला, तर नदीचा अंदाज २० ते ३० टक्के चुकतो. त्यात ही मॉडेलं पृथ्वीवर चौकोनांची जाळी कल्पून गणित करतात, आणि त्यातला एकेक चौकोन बहुधा १०० किलोमीटरच्या आसपासचा. डोंगराची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी, हे त्याला दिसतच नाही. म्हणून आधी पाऊस बारीक जाळीवर उतरवतात, जुन्या नोंदींशी ताडून दुरुस्त करतात, मगच जलविज्ञानाच्या मॉडेलात घालतात, तेही अनेक मॉडेलांचे अंदाज शेजारी ठेवून. ‘अमुक साली नदी आटणार’ असा एकच ठाम आकडा कोणी दिला, तर तो भविष्यवेत्त्याच्या पंक्तीतलाच समजावा. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालातलं विधान असंच निराधार निघालं आणि २०१० मध्ये आयपीसीसीला ती चूक मान्य करावी लागली.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद मात्र ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची आहे. १९९७ ते २००९ असा तिथे दीर्घ दुष्काळ पडला. नंतर पाऊस परतला, पण एक तृतीयांशाहून अधिक पाणलोटांत प्रवाह कित्येक वर्षांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. तितक्याच पावसात नदीला आता कमी पाणी मिळत होतं. झाडं बहुधा आपला वाटा पूर्वीइतकाच उचलत राहिली. आपली बहुतेक मॉडेलं मात्र जुन्या नोंदींवर बेतलेली असतात आणि पाऊस परतला की नदीही परतते, असं धरून चालतात.