मोटारसायकलवर कारचा टायर

मोटारसायकलवर कारचा टायर : दुचाकीच्या, बहुधा मागच्या, चाकावर मोटारसायकलच्या टायरऐवजी प्रवासी कारसाठी बनवलेला टायर चढवण्याची प्रथा आणि तिच्या सुरक्षिततेविषयीचा वाद. उत्तर अमेरिकेत लांब पल्ल्याच्या वजनदार मोटारसायकली चालवणाऱ्यांमध्ये ही प्रथा विशेष रुजली. तिथे तिला ‘डार्क साइड’, म्हणजे काळी बाजू, असे नाव पडले असून ती पाळणारे स्वतःला ‘डार्कसायडर’ म्हणवतात. हे नाव एका प्रसिद्ध अमेरिकी अंतराळ-चित्रपटमालिकेतून आले असे सामान्यतः मानतात. साइडकार जोडलेल्या आणि तीनचाकी गाड्या कलत नाहीत, त्यामुळे त्यांवरील कारचा टायर या वादात मोडत नाही. मात्र प्रथेच्या उगमाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख वारंवार येतो.

उगम : प्रथा केव्हा सुरू झाली याबद्दल एकमत नाही. पहिले मत तिला साइडकारच्या काळापर्यंत मागे नेते. साइडकारची गाडी वळणावर उभीच राहत असल्याने तिचा टायर मधोमध झिजून लवकर सपाट होतो. म्हणून यूरोपातील साइडकारचालक पूर्वीपासून चौकोनी छेदाचे टायर पसंत करत आले. एव्हन या ब्रिटिश कंपनीने ‘ट्रिपल ड्यूटी’ हा चपट्या माथ्याचा टायर खास साइडकारसाठीच काढला होता. तिथून कारच्या टायरपर्यंत जाणे ही एकच पायरी होती, असे या मताचे म्हणणे.

दुसरे मत ५.००-१६ (टायरची रुंदी व रिमचा व्यास, इंचांत) या मापावर आधारलेले आहे. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना १९४० च्या सुमारास १६ इंची चाके व ५.००-१६ मापाचे टायर मिळू लागले. युद्धोत्तर काळातील फोक्सवॅगन बीटल कारही १९५२ पर्यंत याच मापाच्या टायरवर धावत होती. माप सारखे असल्याने अडीनडीला एकाचा टायर दुसऱ्यावर चढत असणार, हे सहज पटण्याजोगे आहे.

तिसऱ्या मतानुसार आजचा वाद ज्या प्रथेविषयी आहे ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, साधारणपणे १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध ते २००० नंतरची काही वर्षे या काळात आकाराला आली. होंडाच्या सहा सिलिंडरच्या गोल्ड विंग (१,५२० घ.सेंमी., १९८८ पासून, १,८३२ घ.सेंमी., २००१ पासून) आणि व्हॅल्किरी या गाड्यांच्या चालकांपासून तिची सुरुवात झाली. हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या मतातील गाडी कलतच नाही. दुसऱ्या मतातील काळात कारच्या आणि मोटारसायकलच्या टायरांत आजच्याइतके अंतर पडलेले नव्हते : दोन्हींची बांधणी तिरक्या धाग्यांची होती आणि कारच्या टायरचा माथाही बराच गोल असे. मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल टायर, म्हणजे तिरक्याऐवजी एका कडेपासून दुसरीकडे सरळ आडव्या धाग्यांचा टायर, प्रथम यूरोपात आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत सर्वत्र पसरला. पोलादी पट्ट्यांमुळे त्याचा माथा सपाट व ताठ झाला आणि बाजूच्या भिंती आखूड होत गेल्या. कलणाऱ्या गाडीला सपाट टायर चालेल का, हा आजच्या वादाचा गाभा आहे. टायर सपाट होण्यापूर्वीच्या काळात तो प्रश्न या स्वरूपात उभाच राहू शकत नव्हता.

कारणे : चालक मुख्यतः झिजेचे कारण सांगतात. चारशे किलोग्रॅमच्या आसपास वजनाची गाडी, मागे बसलेला जोडीदार आणि सामानाचे खण, या साऱ्या भाराचा मोठा वाटा मागच्या टायरवर येतो. मोटारसायकलचा टायर कलताना पकड राहावी म्हणून तुलनेने मऊ रबराचा असतो आणि सरळ रस्त्यावर त्याचा मधला अरुंद पट्टाच झिजत राहतो. अमेरिकेच्या सरळसोट महामार्गांवर तो पंधरा-वीस हजार किलोमीटरच्या आतच गोटा होतो. कारचा टायर त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक चालतो, असे चालक सांगतात. खर्च वाचतो आणि हजारो मैलांच्या सफरीत मध्येच टायर बदलण्याची वेळ येत नाही. काही जण कारचा रन-फ्लॅट टायर निवडतात. हवा गेली तरी ताठ भिंतींवर तो काही अंतर चालतो, आणि निर्जन रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्याला हा मोठा आधार वाटतो.

मापांचा मेळ : ही प्रथा काही ठरावीक गाड्यांपुरतीच का राहिली, याचे उत्तर मापांत सापडते. २००१ च्या गोल्ड विंगचा मागचा टायर १८०/६० आर १६ मापाचा होता (रुंदी मिमी. मध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, ‘आर’ म्हणजे रेडियल, रिमचा व्यास इंचांत). त्याचा बाह्य व्यास सुमारे ६२२ मिमी. भरतो. कारच्या १९५/५५ आर १६ टायरचा व्यास ६२१ मिमी. येतो. व्हॅल्किरीच्या १८०/७० आर १६ (६५८ मिमी.) टायरला २०५/६० आर १६ (६५२ मिमी.) जवळचा पडतो. त्यामुळे वेगमापकात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. भारांक पाहिला तर पारडे कारकडे झुकते : गोल्ड विंगच्या मूळ टायरचा भारांक ७४ म्हणजे ३७५ किग्रॅ., तर १९५/५५ आर १६ चा सामान्यतः ८७ म्हणजे ५४५ किग्रॅ. समर्थक या आकड्यावर फार भर देतात. मात्र भारांक टायर उभा असतानाची भारक्षमता सांगतो. कललेल्या टायरच्या एका कडेवर सारा भार आला तर काय होईल, याचे उत्तर त्यात नाही.

रिम आणि बीड : टायरची आतली, तारांनी बांधलेली कडा म्हणजे बीड. ती रिमच्या बैठकीवर घट्ट बसते आणि हवेच्या दाबाने तिथेच राहते. कार व मोटारसायकल या दोन्हींच्या रिमवर १६ इंच असेच लिहिलेले असले, तरी बैठकीचा नेमका व्यास, तिच्या आतल्या अंगाच्या उंचवट्याचा आकार आणि कडेची उंची दोन्हींसाठी वेगवेगळ्या मानकांनी ठरते. कारचा टायर मोटारसायकलच्या रिमवर बसवताना बीड सहजासहजी जागेवर जात नाही आणि नेहमीपेक्षा जास्त दाब द्यावा लागतो, हे समर्थकही मान्य करतात. यातील धोका गंभीर आहे. बीड बसण्याआधी दाब वाढवत गेल्यास तिच्यातील तार तुटू शकते, आणि जवळ वाकून हवा भरणाऱ्याच्या अंगावर टायर फुटू शकतो. एकदा बसलेली बीड उलट अधिक घट्ट राहते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. ते खरे असेलही. पण अतिताण सोसलेल्या तारेची अवस्था बाहेरून दिसत नाही.

रुंदीचाही प्रश्न आहे. १९५/५५ मापासाठी रिम ५.५ ते ७ इंच रुंद असावी असे मानक सांगते, तर गोल्ड विंगची मागची रिम ५ इंचांचीच आहे. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरचा छेद साधारण ५ मिमी. आक्रसतो आणि माथा किंचित गोल होतो. टायर उत्पादकांच्या दृष्टीने हे मर्यादेबाहेरचे बसवणे आहे. डार्कसायडरांना मात्र तोच लाभ वाटतो, कारण गोलावलेला माथा वळणावर सोपा जातो. एकच वस्तुस्थिती दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने मांडतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कल आणि आडवी प्रेरणा : वादाचा सर्वांत तांत्रिक भाग हा. वळण घेताना दुचाकी आत कलते. ५० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीला सुमारे ३०° कलावे लागते आणि तिच्या टायरांनी वजनाच्या जवळजवळ ५७ टक्के आडवी प्रेरणा पुरवावी लागते. मोटारसायकलचा गोल माथ्याचा टायर यातील बहुतेक प्रेरणा केवळ कलल्यामुळे निर्माण करतो. टेबलावर आडवा ठेवलेला शंकू ढकलला तर तो सरळ न जाता गोल फिरतो, तसाच कललेला गोल टायर स्वतःच वळणाच्या आत ओढत जातो. कारच्या टायरमध्ये ही कलजन्य प्रेरणा फार थोडी असते. त्याला आडवी प्रेरणा मिळते ती घसरकोनातून, म्हणजे चाकाचे तोंड आणि प्रत्यक्ष प्रवासाची दिशा यांतील फरकातून.

डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेका यांच्या नावाने ओळखले जाणारे, टायरने दिलेली प्रेरणा काढण्याचे सूत्र १९८० च्या दशकात कारसाठी तयार झाले. मोटारसायकलसाठी त्याचा पुढे विस्तार करावा लागला, कारण मूळ मांडणीत मोठ्या कलाचा विचार नव्हता. पाडुआ विद्यापीठाचे व्हित्तोरे कोसाल्तेर यांनीही मोटारसायकलच्या टायरमध्ये कलजन्य प्रेरणेला मध्यवर्ती स्थान दिले आहे. दोन टायर दोन वेगळ्या रीतींनी काम करतात, हे यातून स्पष्ट होते. कारचा टायर वळणावर पकडच देणार नाही, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. विरोधक तो अनेकदा काढतात आणि तिथे त्यांची बाजू कमकुवत होते. घसरकोन थोडा वाढवून कारचा टायर पुरेशी प्रेरणा देऊ शकतो, आणि पायठेवणी रस्त्याला घासेपर्यंत गाड्या कलवणारे डार्कसायडर ते रोज दाखवतात.

खरी अडचण वेगळी आहे. गोल माथ्याचा टायर कलताना रस्त्याशी असलेला त्याचा संपर्क हळूहळू कडेकडे सरकतो. सपाट टायर थोडासा कलला तरी भार लगेच आतल्या खांद्याकडे, म्हणजे माथा व भिंत जिथे मिळतात त्या कडेकडे, जातो, जवळजवळ माथ्याच्या निम्म्या रुंदीइतका. तिथून रस्ता गाडीला पुन्हा उभी करू पाहतो. म्हणून चालकाला संपूर्ण वळणभर आतल्या बाजूचे हँडल दाबून धरावे लागते. बाजूची भिंत लवचिक असेल आणि हवा बेताची असेल, तर माथ्याचा बराच भाग रस्त्यावर टेकलेला राहतो. समर्थक गाडीखाली कॅमेरा लावून हेच दाखवतात, आणि ते चित्रीकरण नाकारण्याचे कारण नाही. पण रन-फ्लॅटच्या ताठ भिंती या लवचिकतेच्या नेमक्या उलट काम करतात. तरीही काही जण लवचिक भिंतीचा आणि रन-फ्लॅटचा असे दोन्ही फायदे एकत्र सांगतात.

हाच परिणाम सरळ रस्त्यावरही जाणवतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार, म्हणजे कॅम्बर, दिलेला असतो. सपाट टायरचा उंच बाजूकडचा खांदा जास्त दबतो आणि गाडी उताराकडे झुकू पाहते : डावीकडून चालणाऱ्या देशांत डाव्या कडेकडे, अमेरिकेत उजव्या. रस्त्यातील लांबट खाचा व डांबराचे सांधे यांवरूनही गाडी ओढली जाते. काहीशे किलोमीटरनंतर त्याची सवय होते असे चालक सांगतात. सवयीने होणारे काम आणि अचानक समोर आलेल्या अडथळ्याला चुकवताना क्षणार्धात करावे लागणारे काम यांत फरक आहे, आणि चिंता या दुसऱ्या प्रसंगाची आहे. रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये दुचाकीच्या अस्थिरतेचे तीन प्रकार गणिताने वेगळे केले : लवंडणे, नागमोडी डोलणे व हँडलची थरथर. यांपैकी नागमोडी डोलण्यावर मागच्या टायरच्या गुणधर्मांचा प्रभाव विशेष पडतो. लाखो किलोमीटरच्या विनाअपघात अनुभवाचे मोल मोठे आहे. पण तो अनुभव बहुतांशी सामान्य चालीचा असतो. गाडी मर्यादेवर असताना काय घडते याविषयी अभियंत्यांची सावधगिरी अधिक विश्वासार्ह मानावी लागते.

पुढच्या चाकावर कारचा टायर सहसा कोणी लावत नाही, कारण दिशा देण्याचे काम त्याच चाकाकडे असते. त्याऐवजी काही जण मोटारसायकलचाच मागचा टायर फिरण्याची दिशा उलटी करून पुढे बसवतात. ओल्या रस्त्याबाबत दावे परस्परविरोधी आहेत : कारच्या टायरला खोल खाचा असतात, पण रुंद व सपाट संपर्कामुळे दाब कमी पडून पाण्यावर तरंगण्याचा संभव वाढतो.

कायदा : अमेरिकेत मोटारसायकलच्या टायरांसाठी संघीय सुरक्षा मानक क्र. ११९ आणि हलक्या वाहनांच्या रेडियल टायरांसाठी क्र. १३९ आहे, यूरोपात संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्र. ७५ व क्र. ३० अनुक्रमे लागू होतात. अमेरिकी मानके उत्पादकांना बांधतात. सुरक्षा-यंत्रणा निकामी करण्याविरुद्धची तरतूद विक्रेते व दुरुस्ती-व्यावसायिक यांना लागू होते, स्वतःच्या गाडीत बदल करणाऱ्या मालकाला नाही. त्यामुळे अनेक दुकाने असा टायर चढवण्यास नकार देतात आणि हे काम घरच्या गॅरेजात होते. वर सांगितलेला बीडचा धोका त्यामुळे अधिकच वाढतो. टायर उत्पादकांच्या सूचना या प्रथेच्या विरोधात आहेत.

भारत : केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार वाहनांच्या टायरवर भारतीय मानक चिन्ह आवश्यक आहे. दुचाकी-तीनचाकींसाठी मानक क्र. १५६२७ आणि प्रवासी कारसाठी क्र. १५६३३ अशी विभागणी आहे. वाहनाच्या प्रकार-मान्यतेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. प्रत्यक्षात हा वाद इथे क्वचितच उद्भवतो. रोजच्या मोटारसायकलींच्या रिम १७-१८ इंचांच्या व अरुंद असतात आणि त्या व्यासाचे कारचे टायर त्यांच्या मानाने फारच रुंद असतात. पुण्याच्या बजाज ऑटोच्या ॲव्हेंजरचे मागचे चाक १५ इंची आहे, म्हणजे व्यासाने कारच्या जवळचे. पण तिचा टायर १३० मिमी. रुंदीचा आहे, आणि कारचा टायर बसवायचा तर मागच्या फोर्कमधील जागा व साखळीची रेषा दोन्ही आड येतात.