टीव्ही बघायला येताना पेन ड्राइव्ह घेऊन या

मधल्या किमतीचा टीव्ही घ्यायचा विचार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"मालक, हा घेण्यासारखा आहे का?" दुकानात दिवसातून चार वेळा तरी हा प्रश्न येतो, आणि बोट असतं भिंतीवरच्या सगळ्यांत झगझगीत टीव्हीकडे. त्यावर आम्ही उलटे दोन प्रश्न विचारतो. घरी त्यात लावणार काय? आणि बसणार कुठे? गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस उत्तर टाळतोय. पण या दोन गोष्टी कळल्याशिवाय कुठलाही टीव्ही चांगला की वाईट हे सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं.

मधली किंमत म्हणजे आम्ही साधारण २५ ते ५० हजार रुपये धरतो. त्याखालचा टीव्ही घेताना माणूस फार अपेक्षाच ठेवत नाही. त्यावरच्या टीव्हीत फरक डोळ्यांना आपोआप दिसतो. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात. इथे खोक्यावरचे शब्द सगळ्यांचे सारखेच असतात, आतला माल मात्र नसतो.

आधी वायर बघा, मग टीव्ही

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत केबल किंवा डिश आहे. आपल्या सांगली जिल्ह्यात जत, आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर मोफत डीटीएचच जास्त. यातली बहुतेक चॅनेल साध्या दर्जाची, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांची येतात. हिशेब केला तर सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. ४के टीव्हीच्या पडद्यावर ते असतात ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चार लाखांचं चित्र ८३ लाखांवर ताणायचं, म्हणजे एका माणसाच्या पिठात वीस जणांच्या पंगतीला पोळ्या लाटण्यासारखं. पोळी मोठी दिसेल, पण पारदर्शक. म्हणूनच मोठा टीव्ही घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो, "मालिकेतल्या बाईचा चेहरा पुसल्यासारखा दिसतोय." टीव्ही बिघडलेला नसतो, चित्रच तेवढं असतं. अशा वेळी नव्या टीव्हीपेक्षा एचडी पॅक आणि एचडी सेट टॉप बॉक्स आधी घ्या, हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यात आमची विक्री एखाद्या वेळी हुकते, हुकू दे.

इंटरनेटवरून बघणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे चित्र चांगलं येतं, पण ४के चित्रासाठी निदान १५ एमबीपीएसचा वेग सलग लागतो. तोही टीव्हीपर्यंत पोचायला हवा, राउटरपर्यंत नव्हे. शिवाय काही अ‍ॅप ४के फक्त सर्वांत महाग प्लॅनमध्येच देतात. घरात मोबाइलपुरता प्लॅन असेल, तर ४केची गोष्ट तिथेच संपली.

टेप काढा

आता बसण्याचं अंतर. ज्या भिंतीवर टीव्ही लावायचा, तिथून सोफ्याच्या पाठीपर्यंत टेप धरा. निरोगी डोळ्याला ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक साधारण साडेपाच फुटांपर्यंतच कळतो. ५५ इंचीवर तो सात फुटांच्या आसपास संपतो. त्यापलीकडे ठिपके एकमेकांत मिसळतात. आपला हॉल दहा-बारा फुटांचा, त्यात सोफा मागच्या भिंतीला. मग ४केसाठी वेगळे पैसे मोजायचे कशाला? आता या किमतीत ४३ इंचांपासून वर बहुतेक सगळे ४केच येतात, त्यामुळे ते फुकटात मिळालं असं समजा आणि पैसे दुसरीकडे लावा.

पैसे लावायची पहिली जागा म्हणजे आकार. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, ५५ इंची १२२. दहा फुटांवरून बघणाऱ्याला हा फरक ४केच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. पण शोकेसमध्ये बसवायचा असेल तर रुंदी आधी मोजून आणा. सुताराने केलेल्या कप्प्यात टीव्ही बसला नाही म्हणून कप्पा कापलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

उजेड हीच खरी किंमत

पडद्याचं तेज निट्समध्ये मोजतात. मधल्या किमतीच्या बऱ्याच टीव्हींचं तेज अडीचशे-तीनशे निट्सच्या घरात असतं. रात्री दिवे मंद करून बघणाऱ्याला ते पुरतं. पण समोर खिडकी, दुपारी दोनचं ऊन आणि मॅच चालू, अशा हॉलमध्ये हाच टीव्ही फिका पडतो. तिथे चारशेच्या पुढचा बघा.

खोक्यावर 'एचडीआर' (म्हणजे उजळ आणि गडद छटा जास्त असलेलं चित्र) लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल समजतो. दाखवता येतो असं नव्हे. एचडीआर चित्रपट बहुधा हजार निट्सच्या हिशेबाने तयार करतात. तीनशेच्या टीव्हीवर कधीकधी एचडीआर बंद केल्यावर चित्र उजळ दिसतं, घरी करून बघा. 'क्यूएलईडी' हा शब्दही असाच. मागच्या एलईडी उजेडापुढे क्वांटम डॉट नावाच्या बारीक कणांचा थर असतो, त्याने लाल-हिरवा रंग खुलतो, हे खरं. पण काळा रंग काळा दिसतो तो मागचा उजेड जागच्या जागी मंद करता आला तर, म्हणजे 'लोकल डिमिंग' असेल तर. दोघांत निवडायची वेळ आली तर आम्ही लोकल डिमिंगवाला घेऊ. 'मोशन रेट २४०' वगैरे आकड्यांकडे दुर्लक्ष करा. पॅनेल, म्हणजे पडदा, ६० हर्ट्झचं (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं) की १२० चं एवढंच विचारा. घरात कुणी प्लेस्टेशन खेळत नसेल, तर साठ पुरतं.

पॅनेलच्या जातीबद्दल मात्र जरूर विचारा. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं होतं. आयपीएस बाजूनेही चांगलं दिसतं, काळा मात्र राखाडीकडे झुकतो. आपल्याकडे मॅचच्या दिवशी अर्धं घर सतरंजीवर, आजी दाराजवळच्या खुर्चीत आणि शेजारचे उंबऱ्यात. अशा घराला आयपीएस. नवरा-बायको दोघंच सोफ्यावर, तर व्हीए. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या आकारांना वेगळी पॅनेलं असू शकतात, म्हणून ४३ इंची बघून ५५ इंची मागवू नका.

आणि हे सगळं तपासायला पेन ड्राइव्ह. दुकानातले टीव्ही 'विविड' या भडक रंगांच्या मोडवर असतात, त्यात कंपनीचा व्हिडिओ: पोपट, फळं, परदेशातला समुद्र. त्यात कोणीही नापास होत नाही. तुम्ही घरातल्या लग्नाचा व्हिडिओ आणा. शालूचा खरा रंग तुम्हाला माहीत आहे, नवरीची कांती माहीत आहे. हळदीच्या अंगाचा पिवळा कसा असतो हे सांगलीकराला आम्ही काय सांगणार! तो पिवळा लिंबासारखा दिसायला लागला, की आम्हाला मोड बदलून 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' करायला सांगा. मग रात्रीच्या वरातीचा भाग लावा आणि मांडवाच्या कडेला उभी असलेली माणसं दिसतात का ते बघा. आमच्याकडे एक बुटका स्टूल ठेवला आहे. त्यावर बसून खालून आणि बाजूनेही बघा, कोणी हसणार नाही.

आमच्या टेबलावर काय येतं

विक्रीइतकाच आमचा दुरुस्तीचा धंदा आहे, त्यामुळे टीव्ही मरतो कसा हे आम्ही रोज बघतो. सगळ्यांत जास्त येणारी तक्रार: आवाज येतो, चित्र नाही. अंधारात पडद्याला चिकटून टॉर्च मारला की आत अंधुक चित्र हलताना दिसतं. म्हणजे पॅनेल जिवंत आहे, मागचा उजेड गेलाय. पॅनेल उचललं की पांढरे कागद निघतात, त्याखाली तीन-चार लांब पट्ट्या आणि त्यांवर बटणाएवढ्या भिंगांखाली एलईडी. एकाच माळेत असल्याने त्यातला एक उडाला की माळच विझते, दिवाळीच्या जुन्या माळेसारखी. पट्ट्या बदलून काम भागतं आणि ते परवडतं. पॅनेल गेलं तर मात्र नव्या टीव्हीच्या बऱ्याचशा किमतीएवढा खर्च येतो, तेव्हा दुरुस्तीचा विचार सोडलेला बरा. पट्ट्या जळण्याचं मोठं कारण उष्णता. म्हणून पहिल्याच दिवशी बॅकलाइट शंभरवरून सत्तरवर आणा. डोळ्यांनाही बरं आणि पट्ट्यांनाही.

दुसरी तक्रार उभ्या रेघांची. तिचं एक कारण घरातच असतं: काच पुसायचा स्प्रे. पडद्यावर मारलेला थेंब खाली ओघळतो आणि बेझलमधून, म्हणजे पडद्याच्या चौकटीतून, आत जातो. बऱ्याच पॅनेलांच्या खालच्या कडेलाच चित्र पोचवणाऱ्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तिथे ओल गेली की रेघ कायमची. फडकं किंचित ओलसर करून पुसा, पडद्यावर थेट काही मारू नका.

तिसरी वळवाच्या दिवसांतली. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, वीज कडाडते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात तीन-चार टीव्ही. बटण बंद होतं, मग गेला कसा? डिशच्या वायरीतून. गच्चीवरच्या डिशकडून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने थेट टीव्हीच्या बोर्डात. म्हणून आभाळ काळवंडलं की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. वीज चमकायला लागल्यावर मात्र हात लावू नका, टीव्ही गेला तर जाऊ दे.

व्होल्टेजबद्दल थोडं. आताच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय साधारण शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे कमी दाबाला तो घाबरत नाही. शहरात स्टॅबिलायझर बहुधा वाया. गावात न्यूट्रल तुटला तर मात्र घरात चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. तिथे साधा स्पाइक गार्ड टिकत नाही, हाय-लो कट-ऑफ (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की वीज तोडणारं उपकरण) लावा. अर्थिंग नसेल तर आधी ते.

नदीकाठच्या ग्राहकांसाठी वेगळं लिहावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. त्या वेळी भिंतीवर लावलेले टीव्हीही बुडाले. गाळाच्या पाण्यात गेलेला टीव्ही वाळवून चालू करू नका. चालू झाला तरी कनेक्टरांना गंज चढत जातो आणि सहा महिन्यांत तो पडतोच. तुमचा भाग पुराच्या रेषेत असेल, तर काढता येणारा वॉल माउंट लावून घ्या. इशारा आला की टीव्ही उतरवून वरच्या मजल्यावर नेता येतो.

स्मार्टपणा आणि आवाज

यावर फार वेळ घालवू नका. दोन जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण यापेक्षा कमी नको, एवढं पाळा. चार-पाच वर्षांनी अ‍ॅप जड होतात, टीव्ही रडायला लागतो. तेव्हा तीन-चार हजारांची स्टिक (एचडीएमआयमध्ये खोचून अ‍ॅप चालवणारी कांडी) लावली की पुन्हा धावतो, टीव्ही बदलायची गरज नाही. पातळ टीव्हीचा आवाजही पातळच. साउंडबार पुढे कधीतरी घेता येईल, फक्त साउंडबारला आवाज पाठवणारा, 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेला एचडीएमआय पोर्ट आहे ना, ते बघून ठेवा.

पैशांचं

३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. कराआधी तीस हजारांचा टीव्ही तेव्हा ३८,४०० ला पडायचा, आता ३५,४००. कुणी जुनी एमआरपी दाखवून 'खास सूट' म्हणत असेल, तर हे तीन हजार त्यात मोजलेत का ते विचारा. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज नसतं असं नाही, रोखीत मिळणारी सूट त्यात जिरलेली असते. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वर. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही कागदावर लिहून मागा, आमच्याकडूनही.

मागच्या वर्षीचं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर घ्या, पॅनेलात क्वचितच फरक पडतो. खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' ने सुरू होणारा क्रमांक बघा. वॉरंटी किती हे सगळे विचारतात. मेकॅनिक कुठून येणार, सांगली-मिरजेतून की पुण्याहून, हे कोणी विचारत नाही. तेच आधी विचारा.

आणि जुना टीव्ही चालतोय, चॅनेल साधीच आहेत, घरात कोणी ओटीटी बघत नाही, अशा घरांना आम्ही दरवर्षी परत पाठवतो. स्टिक लावा, एचडी बॉक्स घ्या, दोन वर्षांनी या.

टीव्ही कुठूनही घ्या, ऑनलाइन घेतलात तरी, खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: आधी चारही कोपरे, मग पडदा, मग तो चालू केल्यावरचं पहिलं चित्र. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि तो वाटेत फुटला की घरी, हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसतं. खोकं आणि थर्माकोल पंधरा दिवस तरी टाकू नका. माळ्यावर जागा नसेल तर नाव लिहून आमच्या मागच्या खोलीत ठेवा.