शेवटच्या आंघोळीनंतर जळणारा लाल दिवा

विजेच्या गिझरला उधळ्या म्हणण्याची रीत आहे, पण त्यातली कॉइल मुळीच उधळी नसते. ती पाण्यातच बुडालेली असल्यामुळे तिच्यात शिरलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच मिळते. वाया जाते ती तापवून ठेवलेल्या, पण कोणीच न वापरलेल्या पाण्यातली उष्णता.

एक लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोजूल उष्णता लागते आणि विजेचे १ युनिट म्हणजे ३,६०० किलोजूल. पुण्याच्या थंडीत नळाचे पाणी २० अंशांचे धरले, तर २० लिटरची बादली ४० अंशांवर आणायला ०.४७ युनिट पुरते. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा आणि पाणी गार झाले की ती पुन्हा जोडणारा थर्मोस्टॅट ६० अंशांवर असेल, तर या बादलीत टाकीतले १० लिटर कढत पाणी आणि १० लिटर गार पाणी पडते.

मात्र साठवणीच्या गिझरमध्ये गार पाणी टाकीच्या तळाशी शिरते आणि त्याच्या दाबाने गरम पाणी वरच्या टोकातून बाहेर पडते. म्हणजे बादली भरेपर्यंत टाकीत १० लिटर गार पाणी आलेले असते. बटण चालूच असेल, तर थर्मोस्टॅट ‘टक्’ करतो, लाल दिवा लागतो आणि २,००० वॅटची कॉइल हे पाणी ६० अंशांवर नेण्यासाठी पुढची १४ मिनिटे वीज घेते. आंघोळ करणारा तोवर डोके पुसत असतो. घरातली ती शेवटची आंघोळ असेल, तर आणखी ०.४७ युनिट, म्हणजे एका बादलीइतकीच वीज, कोणाच्याही उपयोगाला न येता खर्च झालेली असते. टाकीभोवतीचे आवरण चांगले असल्यास त्यातली थोडी उष्णता संध्याकाळपर्यंत टिकते, पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत बरीचशी निघून जाते. म्हणून आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात आणि शेवटच्याने बादली भरण्याआधीच बटण बंद करावे; विजेच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते बरे.

‘गिझर दिवसभर चालू ठेवला तर स्वस्त पडतो’ हा समज चुकीचा आहे, कारण टाकी जितकी गरम आणि जितका वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर झिरपते. गिझरच्या लेबलावरचे ऊर्जा दक्षता ब्युरोचे (बीईई) तारेही, पाणी न वापरता ते नुसते गरम राखायला २४ तासांत किती वीज लागते, यावरच ठरतात.

बोअरचे पाणी असेल, तर क्षारांचाही विचार करावा लागतो. तापताना पाण्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन कॉइलवर चुनकळीसारखा पांढरा थर चढतो, आणि पाणी जितके जास्त तापवावे तितका तो लवकर चढतो. या थराने विजेचे बिल फारसे वाढत नाही, कारण उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते; कॉइल मात्र आतल्या आत अति तापून जळते. हा थर काढायला गिझर उघडला की शेजारची मॅग्नेशियमची कांडीही पाहून घ्यावी. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः गंजत असते, आणि झिजून पेन्सिलीएवढी उरली असेल तर बदलून घ्यावी लागते.