गंज दिसतो एकीकडे, भोक पडतं दुसरीकडे

स्पोर्ट्स कार घेतली आणि ती वीस-पंचवीस वर्षं सांभाळायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: पावसात काढू नका, गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करा. यातला पहिला भाग ठीक, दुसरा अर्धा बरोबर, आणि तिसरा म्हणजे सायलेन्सर आतून गंजवायचा हमखास उपाय. का ते सांगतोच, पण आधी गंज चढतो म्हणजे काय होतं ते बघू, कारण खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त रस आहे.

शाळेत आपण लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंज होतो एवढं शिकलो. ते बरोबरच आहे, पण त्यातून डोक्यात एक गैरसमज पक्का बसतो, की जिथे जास्त हवा लागते तिथे जास्त गंजणार. मग माणूस रविवारी बॉनेटला वॅक्स चोळत बसतो आणि गाडी मात्र सडते ती दरवाजाखालच्या सिलच्या (म्हणजे उंबरठ्यासारख्या पोकळ पट्टीच्या) आत, चाकावरच्या कमानीच्या दुमडीत, दोन पत्रे स्पॉट वेल्डने चिकटवलेत त्यांच्या मधल्या फटीत. म्हणजे जिथे हवा धड पोचतच नाही तिथे!

हे कोडं केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स या रसायनशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात फारच सुंदर प्रयोगातून दाखवलं. स्वच्छ लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यात आधीच दोन रसायनं घालायची, एक असं जे विरघळलेलं लोखंड भेटलं की निळं होतं, आणि दुसरं फिनॉल्फ्थॅलीन, जे अल्कली दिसली की गुलाबी होतं. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा ठिपका दिसतो आणि कडेने गुलाबी कडं. लोखंड विरघळतंय मध्यभागी, जिथे ऑक्सिजन सगळ्यात कमी पोचतो. कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे ऑक्सिजन भरपूर, पण तिथलं लोखंड शाबूत!

कारण एकाच थेंबाखाली चक्क बॅटरी तयार झालेली असते. मध्यभागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच पळत कडेला जातात, तिथे ऑक्सिजन ते घेतो आणि पाण्याबरोबर मिळून हायड्रॉक्साइड बनवतो, म्हणून गुलाबी रंग. विरघळलेलं लोखंड आणि हायड्रॉक्साइड दोघं मधे कुठेतरी भेटतात, आणखी ऑक्सिजन मिळाला की तांबूस गंज, तोही एका कड्याच्या आकारात. आता हे नीट बघा: भोक पडतंय एका ठिकाणी, ऑक्सिजन खर्च होतोय दुसऱ्या ठिकाणी आणि गंज साचतोय तिसऱ्याच ठिकाणी. म्हणून पेंटवर आलेला छोटासा फोड खरवडला की आतलं भोक अपेक्षेपेक्षा मोठं आणि जरा बाजूला निघतं. त्यात कडेला तयार झालेली अल्कली पेंटची पत्र्यावरची पकड सोडवते, म्हणजे पापुद्रा सुटतो, खाली आणखी पाणी शिरतं, आणखी एक बंद जागा तयार होते आणि बॅटरी पुढे सरकते.

फटीत तर याहून वाईट. आतला ऑक्सिजन संपलेला, लोखंडाचे धन आयन साचलेले, मग तो विद्युतभार सांभाळायला बाहेरचे क्लोराइड आयन आत ओढले जातात, तिथे लोखंडाचे क्षार पाण्याशी प्रक्रिया करून ॲसिड तयार करतात, आणि ॲसिडमध्ये लोखंड अजून जोरात विरघळतं. म्हणजे एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला वाढवतं. शिवाय गंजाचं घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं, त्यामुळे दोन पत्रे आतूनच फाकतात आणि फट मोठी होते. (इथे कंटाळा आला असेल तर एवढंच लक्षात ठेवा, बंद ओली फट हा खरा शत्रू.)

आता मीठ. स्वच्छ लोखंडाला हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग एकदम वाढतो. पण पत्र्यावर मीठ असेल तर गणित बदलतं, कारण साधं मीठ सुमारे 75 टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच! म्हणजे तुम्हाला गाडी कोरडी वाटत असते आणि सिलच्या आत मात्र खारट पाणी असतं. अशी गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये लावली तर रासायनिक क्रिया गरमीने उलट जोर धरते, त्यापेक्षा थंड, कोरडी आणि हवेशीर जागा परवडली. कव्हरचंही तेच, प्लास्टिकचं घातलं तर आत ओल कोंडते, हवा खेळती ठेवणारं कापडी घ्या आणि गाडी पूर्ण वाळल्यावरच घाला.

मग येतात ते बॅटरीला जोडायचे इलेक्ट्रॉनिक डबे, गंज कायमचा बंद म्हणे. करंट देऊन लोखंड वाचवता येतं हे खरं आहे, जहाजं आणि जमिनीखालच्या पाइपलाइन तशाच वाचवतात, पण तिथे लोखंड सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतं आणि सर्किट पूर्ण होतं. हवेत उभ्या असलेल्या गाडीत ते सर्किटच नाही, डबा नुसता बॅटरी खातो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1990च्या दशकात अशा उपकरणाच्या दाव्यांवर कारवाईही केली होती, तरी विक्री थांबत नाही. पेंटवर चकचकीत संरक्षक थर देणाऱ्या सिरॅमिक कोटिंगवाल्यांनाही विचारा की तो सिलच्या आत कोण लावणार.

खरं काम करतं ते जस्त. लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन सहज सोडतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त विरघळतं आणि पत्रा वाचतो. पोर्शे 911 ला 1976 च्या मॉडेलपासून जस्तलेप दिलेला पत्रा आला, आणि त्याआधीच्या गाड्या घेताना लोक आधी खाली वाकून का बघतात ते यावरून कळेल. बाहेरून न गंजणाऱ्या बॉडीवर मात्र भाळू नका. डेलोरियनची बॉडी स्टेनलेस स्टीलची पण खालची फ्रेम साध्या स्टीलची, कॉर्व्हेटची बॉडी 1953 पासून फायबरग्लासची पण आत स्टीलच, आणि दोन्हीकडे सडतं तेच जे दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या गाडीतसुद्धा स्टीलचा बोल्ट आणि ओलावा एकत्र आले की बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

राहिला तो पाच मिनिटांचा स्टार्ट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सायलेन्सर तापला की ती बाहेर पडते, पण पाच मिनिटांत तो तापतच नाही, वाफेचं आतच पाणी होतं आणि साचतं, वर ऑइलमध्येही ओल जाते ते वेगळंच. चालवायची तर ऑइल तापून अर्धा तास होईपर्यंत चालवा, नाहीतर हातच लावू नका. धुतल्यावर ब्रेक डिस्कवर येणारा तांबूस थर मात्र मनावर घेऊ नका, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

खालून रबरासारखं जाड अंडरकोटिंग मारायचा मोह होतो, पण ते कडक होऊन तडकलं की त्याच्या आणि पत्र्याच्या मधे इव्हान्सच्या थेंबासारखीच जागा तयार होते, वरून सगळं काळं कुळकुळीत आणि आत चाळण. त्यापेक्षा न सुकणारं, सरकत राहणारं काहीतरी बरं, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) किंवा कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण), लांब नळीने सिलच्या आत, दरवाजांत, चॅसीच्या पोकळीत. आधी आतली माती आणि मीठ धुऊन काढायचं, नीट वाळू द्यायचं, मगच फवारायचं, आणि हे एकदाच करून भागत नाही, दरवर्षी बघून जिथे धुऊन गेलंय तिथे परत. उघडं छत असलेल्या गाड्यांत छताच्या कडेचं पाणी नळ्यांतून खाली जातं, त्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी सरळ सिलमध्ये, माझदा एमएक्स-5 च्या जुन्या मॉडेलांचा हा प्रसिद्ध रोग आहे. आणि वॅक्स मारून झालं की पाणी बाहेर जायच्या प्रत्येक भोकातून (ड्रेन होल) एक तार घालून बघा, कारण वॅक्सनेच भोक बुजलं तर आतलं पाणी आतच राहील.